एक लिटर शेंगदाणा तेल : घाणा, एक्स्पेलर की रिफाइंड? खर्च मांडून बघू

किराणा दुकानात एकाच फळीवर शेंगदाणा तेलाच्या तीन बाटल्या दिसतात. एकीवर ‘रिफाइंड’, दुसरीवर ‘फिल्टर्ड’, तिसरीवर ‘लाकडी घाणा’. तिन्ही शेंगदाण्याच्याच, पण पहिली दोनशेच्या आत मिळते आणि तिसरीसाठी सव्वातीनशे किंवा त्याहूनही जास्त मोजावे लागतात. दुकानदाराला विचारलं की उत्तर येतं, “घाण्याचं तेल आहे, महाग असणारच.” हे उत्तर अर्धंच आहे. घाणा किती रुपयांनी महाग पडतो आणि वरचे पैसे कशाचे असतात, हे कागदावर मांडता येतं. ते मांडलं की बाटलीवरची किंमत रास्त आहे की नाही, हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

शेंगदाण्याचे भाव हंगामाप्रमाणे आणि बाजाराप्रमाणे हलतात. म्हणून इथे दाण्याचा भाव किलोला १२० रुपये आणि घाण्याच्या पेंडीचा ४० रुपये धरला आहे. पुढचे रुपयांतले आकडेही असेच हिशेबासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावचे भाव घालून हिशेब पुन्हा करा, रीत बदलत नाही.

तेल निघतं कसं

लाकडी घाण्यात उखळ लाकडाचं आणि त्यात फिरणारी लाटही लाकडाची. पूर्वी बैल फिरवायचे, आता ३ अश्वशक्तीची मोटर फिरवते. एका वेळी साधारण १५ किलो दाणे पडतात, मधूनमधून पाण्याचा हलका शिपका देतात आणि तासाभरात घाणा निघतो. मग उखळ रिकामं करायचं, पेंड काढायची आणि पुढचा घाणा घालायचा. काम असं तुकड्या-तुकड्यांनी चालतं. माणसाला शेजारून हलता येत नाही.

एक्स्पेलरमध्ये पोलादी नळकांड्यात मळसूत्र फिरतं. एका बाजूने दाणे पडत राहतात, खालून तेल आणि दुसऱ्या टोकाने पेंड बाहेर येत राहते. मशिन थांबत नाही. मोठ्या गिरण्यांत दाणा आधी वाफेवर शिजवतात, शिवाय दाबाने आणि घर्षणाने उष्णता वाढते, त्यामुळे तेल जास्त सुटतं. हे तेल नुसतं गाळून भरलं की ‘फिल्टर्ड’ होतं.

तिसरी रीत रसायनाची. एक्स्पेलरच्या पेंडीत उरलेलं तेल हेक्झेन नावाच्या द्रावकात विरघळवून घेतात. मग उष्णता देऊन हेक्झेन उडवतात आणि थंड करून पुन्हा वापरतात. असं काढलेलं तेल शुद्धीकरण केल्याशिवाय खाण्यासाठी विकता येत नाही, आणि शुद्ध केलेल्या तेलात हेक्झेन दहा लाख भागांत ५ भागांपेक्षा जास्त राहता कामा नये, असा अन्नसुरक्षा नियम आहे. शुद्धीकरणात चिकट द्रव्य काढतात, कॉस्टिक सोड्याने आम्लता मारतात, खास मातीने रंग शोषून घेतात आणि शेवटी निर्वात टाकीत २०० अंशांच्या वर वाफ सोडून वास घालवतात. रंग, वास आणि चव गेलेलं हे तेल म्हणजे रिफाइंड.

शंभर किलो दाण्यांतून काय हाती येतं

शेंगदाण्यात ४५ ते ५० टक्के तेल असतं. आपण ४८ धरू. घाण्यातून त्यातलं ४१ किलोच्या आसपास मिळतं, बाकीचं पेंडीत राहतं. घाण्याची पेंड हातात घेतली की बोटांना तेल लागतं, ते यामुळेच. चांगला एक्स्पेलर ४४ किलोपर्यंत जातो, कारण त्याच्या पेंडीत ६ ते ८ टक्केच तेल उरतं. त्या पेंडीवर हेक्झेन फिरलं की उरलेलं १ टक्क्याच्या आत येतं आणि एकूण तेल ४७ किलोच्या वर जातं.

आता पैसे. शंभर किलो दाणे १२,००० रुपयांचे. घाण्याची ५९ किलो पेंड ४० रुपयांनी गेली तर २,३६० परत येतात. उरलेले ९,६४० रुपये ४१ किलोंवर वाटले की तेलामागे कच्च्या मालाचा खर्च किलोला २३५ रुपये. एक्स्पेलरच्या पेंडीत तेल कमी, म्हणून तिला ३६ रुपये धरू. तिथे हा खर्च २२७ येतो. तेल पूर्ण ओढून घेतलेल्या पेंडीला ३२ धरले तर २१९.

म्हणजे घाण्यापासून हेक्झेनपर्यंत सगळा प्रवास केला, तरी किलोमागे फरक पडतो अवघा १६ रुपयांचा. पेंडीत ‘वाया’ गेलेलं तेल पूर्ण वाया जात नाही, त्याचा काही भाग पेंडीच्या भावातून परत येतो. दुकानात दिसणारा दीडशे रुपयांचा फरक यंत्राच्या ओढून घेण्याच्या ताकदीने पडत नाही, ही पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा.

पेंडीत राहणाऱ्या तेलाचा प्रश्न जुना आहे. १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा मगनवाडीत झवेरभाई पटेलांनी घाण्यात सुधारणा केल्या. बैलाला श्रम कमी पडावेत आणि पेंडीत तेल कमी राहावं, हाच त्या खटपटीचा रोख होता. गिरणीपुढे गावचा तेली टिकायचा असेल तर हिशेब जमला पाहिजे, हे त्या माणसांनी ओळखलं होतं. मला त्या प्रयत्नांबद्दल फार आदर वाटतो, कारण त्यांनी घाण्याची नुसती आरती केली नाही, त्याचा खर्च मोजला.

मजुरीचे खरे पैसे

एक घाणा ८ तास चालवला तर दिवसाला १२० किलो दाणे होतात, म्हणजे जेमतेम ५० किलो तेल. माणसाची मजुरी ७०० रुपये धरा. ३ अश्वशक्तीची मोटर ८ तासांत साधारण १८ युनिट वीज खाते, त्याचे १८० रुपये. गाळ्याच्या भाड्यापोटी ४००, झीज आणि दुरुस्तीपोटी २५०. बेरीज १,५३०, म्हणजे दाण्याच्या किलोमागे पावणेतेरा रुपये. घाणेवाल्याला थोडं सुटायला हवं, म्हणून १५ रुपये रास्त. एका लिटर तेलाला सव्वादोन किलोला थोडे कमी दाणे लागतात, तेव्हा लिटरमागे मजुरी होते ३३ रुपये.

दिवसाला दहा टन दाणे पिळणाऱ्या एक्स्पेलरला वीज कितीतरी जास्त लागते, चार-सहा माणसं लागतात, पण तो सगळा खर्च दहा हजार किलोंवर पसरतो. घाण्याच्या मजुरीचा तो एक छोटा हिस्सा होतो. अखंड चालणाऱ्या यंत्राचा खरा फायदा इथे आहे.

सगळ्यात मोठा फरक दाण्याचा

पुण्याच्या मार्केट यार्डात शेंगदाण्याचे भाव जाडा, स्पॅनिश, घुंगरू, टीजे अशा प्रतवारीने निघतात. खाण्याचा निवडलेला दाणा आणि तेलासाठी जाणारा फुटका, बारीक, सुरकुतलेला दाणा यांच्या भावात किलोला सहज २५-३० रुपयांचं अंतर पडू शकतं. मोठी गिरणी तेलाचा दाणा घेते. तो ९० रुपयांनी मिळाला, तर वरच्याच हिशेबाने कच्च्या मालाचा खर्च किलोला १५५ रुपयांवर आणि लिटरला १४१ रुपयांवर येतो. रिफाइंड बाटली दोनशेच्या आत बसते ती यामुळे.

घाण्याच्या तेलाचा पूर्ण हिशेब आता करू. एक लिटर शेंगदाणा तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम. त्याला २.२२ किलो दाणे, १२० च्या भावाने २६६ रुपये. पेंडीचे ५२ वजा केले की २१४. मजुरी ३३. तळाशी बसणाऱ्या गाळाची घट ६. बाटली आणि लेबल १४. झाले २६७. विक्रेत्याचं १५ टक्के म्हणजे ४० रुपये, आणि ५ टक्के जीएसटी. बाटली ३२२ रुपयांना पडते. तेव्हा ३२० ते ३४० ही किंमत लूट नाही. हाच दाणा वापरून कोणी २३० रुपयांना घाण्याचं तेल देत असेल, तर तो घरून पैसे घालत नसणार. एक तर दाणा हलका आहे, किंवा तेलात दुसरं काही आहे.

उलटंही होतं, आणि ग्राहकाचं जास्त नुकसान तिथेच होतं. घाण्यात ९० रुपयांचा हलका दाणा घातला, तर सगळे खर्च धरून बाटली २४० च्या आसपास तयार होते. ती ३३० ला विकली, तर वरचे ९० रुपये तुम्ही फक्त ‘लाकडी घाणा’ या नावासाठी दिलेत. म्हणून घाण्यावर गेलात की आधी लाट बघू नका, पोतं बघा. मूठभर दाणे हातात घ्या. काळपट, बुरशी आलेले, खवट वासाचे दाणे असतील तर तिथून निघा.

हे मी केवळ पैशासाठी सांगत नाही. बुरशीच्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृताला घातक आहे. शुद्धीकरणात सोडा आणि माती यांच्यामुळे ते जवळजवळ निघून जातं. घाण्याच्या तेलाला अशी कुठलीही चाळणी नसते, पोत्यात जे होतं त्यातलं काही ना काही तेलात उतरतं. रिफाइंडला सरसकट विष म्हणणारे आणि घाण्याच्या तेलाला औषध म्हणणारे दोघेही ग्राहकाची दिशाभूल करतात. वास, चव आणि ई जीवनसत्त्व घाण्याच्या तेलात जास्त टिकतं हे खरं, पण दाणा चांगला असेल तरच त्याला अर्थ आहे.

आपले दाणे, त्यांचा घाणा

माझ्या मते सगळ्यात शहाणा मार्ग हा. बाजारातून निवडलेले, नीट वाळलेले २० किलो दाणे घ्या आणि घाण्यावर समोर उभं राहून तेल काढून घ्या. ८.२ किलो, म्हणजे ९ लिटर तेल मिळायला हवं. ओले दाणे असतील तर उतारा कमी येतो, त्याला घाणेवाला जबाबदार नाही.

इथे एक गोष्ट आधी ठरवा : पेंड कोणाची? बरेच ग्राहक हा प्रश्न विचारत नाहीत आणि तिथेच फसतात. २० किलो दाण्यांची पेंड जवळपास १२ किलो, म्हणजे ४७० रुपयांची. मजुरी मात्र ३०० रुपयांची. मजुरी देऊन पेंड तुम्ही घेतली आणि ती गुरं असलेल्या कोणाला विकली, तर तेल लिटरला २४७ रुपयांना पडतं. मजुरी न देता पेंड घाण्यावर सोडली, तर २६७. आणि मजुरीही दिली, पेंडही सोडली, तर ३००. शहरात पेंड घ्यायला कोणी नसेल तर मधला सौदा करा. तो घाणेवाल्यालाही परवडतो.

घरी तेल काढायची छोटी यंत्रं हल्ली बरीच विकली जातात. ती बहुतेक छोटे एक्स्पेलरच असतात आणि त्यातली पुष्कळशी नळी तापवून चालतात. तेलाचा उतारा ४१ ऐवजी ३६ टक्के आला, तर लिटरमागे ३०० ग्रॅम दाणे जास्त लागतात. ते ३६ रुपये झाले, म्हणजे वाचवलेल्या मजुरीपेक्षा जास्त. पेंड विकली जात नाही, ते नुकसान वेगळं. पैसे वाचवण्यासाठी हे यंत्र घेऊ नका. रोज थोडं ताजं तेल हवं असेल आणि त्यासाठी पैसे मोजायची तयारी असेल, तर गोष्ट वेगळी.

दुकानात पोलादी यंत्र आणि पाटीवर लाकडी घाणा, असंही काही ठिकाणी दिसतं. ‘कोल्ड प्रेस्ड’ म्हणजे उष्णता न देता, नुसत्या दाबाने काढलेलं. ते लाकडी घाण्याचंच असेल असं नाही. काय वापरता, दाखवा, असं स्पष्ट विचारा.

बाकीच्या तेलबियांचं थोडक्यात. तिळात शेंगदाण्याइतकंच तेल असतं, तेव्हा लिटरला सव्वादोन किलोच लागतात. करडईत २८ ते ३२ टक्केच असतं आणि घाण्यात त्यातलंही काही पेंडीत राहतं, म्हणून लिटरला साडेतीन किलोच्या आसपास करडई लागते. मराठवाडा आणि सोलापूरकडे ज्यांची करडई घरची असते, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. सुक्या खोबऱ्याचा दीड किलोत लिटर होतो. सोयाबीनमध्ये तेल १८ ते २० टक्केच, ते घाण्यावर परवडतच नाही. म्हणून कोणी ‘घाण्याचं सोयाबीन तेल’ विकत असेल तर घेऊ नका.

बाटली उलटून वाचा

पूर्वी तेल ठरावीक मापातच यायचं. आता तसं बंधन नाही, म्हणून लिटरसारखी दिसणारी पिशवी ७५० किंवा ८५० ग्रॅमचीही असते. समोरची किंमत न बघता, छापलेली प्रति ग्रॅम किंवा प्रति लिटर किंमत बघा, ती छापणं बंधनकारक आहे. दिवाळीच्या फराळासाठी डबा घेताना तर हे हमखास करा. १५ लिटरचा डबा आणि १५ किलोचा डबा दिसायला सारखेच, पण १५ लिटरमध्ये तेल भरतं १३.६५ किलो. सव्वा किलोहून जास्त तेलाचा हा फरक आहे.

‘मिश्रित खाद्यतेल’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असेल, तर ते दोन तेलांचं मिश्रण आहे. मिश्रणाला परवानगी आहे, पण त्यातलं प्रत्येक तेल किमान २० टक्के असायला हवं आणि प्रमाण लेबलवर छापायला हवं. समोर शेंगांचं चित्र आणि मागे ८० टक्के पामोलीन, असं असू शकतं. ‘कोलेस्टेरॉल नाही’ या वाक्याचे जादा पैसे देऊ नका, कुठल्याच वनस्पतीच्या तेलात ते दखल घ्यावी इतकं नसतं. १४ आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक शोधा. सुटं खाद्यतेल विकायला, राज्य सरकारने खास सूट दिली नसेल तर, मनाई आहे. आणि जीएसटी नोंदणी नसलेला छोटा विक्रेता बिलावर जीएसटी लावू शकत नाही.

तेल भेसळीचं वाटलं तर फ्रीजमध्ये ठेवून बघण्यासारख्या घरगुती परीक्षांवर भिस्त ठेवू नका. प्रयोगशाळेत बेलियर चाचणी होते, शुद्ध शेंगदाणा तेलासाठी तिचा आकडा ३९ ते ४१ अंश सेल्सिअस असा ठरलेला आहे. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० प्रमाणे ग्राहकही फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. मात्र खरेदी करतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. नमुना नियमात बसला नाही, तर फी परत मिळते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक १८००२२२३६५ आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५.

मग घ्यावं कुठलं?

चौघांच्या घरात महिन्याला ३ लिटर तेल धरू. सगळं घाण्याचं, बाटलीतलं घेतलं तर ९६६ रुपये. सगळं रिफाइंड १९० च्या दराने घेतलं तर ५७०. पण सगळ्या स्वयंपाकाला एकच तेल लागत नाही. पुऱ्या, वडे, चकल्या तळताना घाण्याच्या तेलाला धूर लवकर येतो आणि त्याचा वास, चव तशीही उडून जाते. तळणीत महागडं तेल ओतणं हा निव्वळ तोटा आहे. फोडणी, चटणी, भाकरीवरचं कच्चं तेल, लोणचं यांना मात्र घाण्याचं तेल जे देतं ते रिफाइंड देऊ शकत नाही.

म्हणून माझा सल्ला असा : स्वतःचे दाणे देऊन काढलेलं २ लिटर घाण्याचं तेल आणि तळणीला १ लिटर रिफाइंड. खर्च ६८४ रुपये, म्हणजे सगळं रिफाइंड घेतल्यापेक्षा ११४ रुपये जास्त. स्वतःचे दाणे द्यायला जमत नसेल तर त्याच प्रमाणात बाटल्या घ्या, ८३४ रुपये होतील. घाण्याचं तेल गाळ बसू देऊन स्टीलच्या डब्यात, उन्हापासून लांब ठेवा, आणि तीन महिन्यांत संपेल इतकंच काढून आणा.